एका खोट्या दाखल्याविषयी

रॉक संगीत मेले, असा मृत्यूचा दाखला खिशात घालून हिंडणाऱ्या गृहस्थांची आपल्याकडे, विशेषतः पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गात, अलीकडे इतकी बेसुमार वाढ झाली आहे की लग्नाच्या पंक्तीत, निवृत्तीच्या समारंभात किंवा एखाद्या स्नेह्याच्या वास्तुशांतीत त्यांच्यापैकी एखाद्याची गाठ पडल्यावाचून राहत नाही. गृहस्थ बहुधा साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. महाविद्यालयात असताना त्याने केस मानेपर्यंत वाढविलेले असतात आणि धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या गर्दीत घसा बसेपर्यंत ओरडल्याचा दाखला तो आजही वतनाच्या सनदेप्रमाणे पुढे करतो. त्याची कैफियत ठरलेली असते. खरे रॉक म्हणजे बीटल्स, डिलन, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड आणि फार तर क्वीन. त्या काळी माणसे वाद्ये वाजवीत, आता यंत्रे वाजतात. त्या काळच्या शब्दांना अर्थ असे, आता नुसता आक्रोश उरला आहे. त्या काळी ज्याला त्याला स्वतःचा आवाज होता, आता सगळेच एकमेकांची नक्कल करतात. आणि मुख्य म्हणजे ती गाणी काळजाला भिडत, ही कानाशीच अडून राहतात. एवढे बोलून तो सुस्कारा टाकतो, जिलेबीचे एक कडे मोडतो आणि आपण एका थोर युगाचे अखेरचे साक्षीदार आहोत अशा मुद्रेने मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावतो.

ही कैफियत मी बरीच वर्षे मुकाट्याने ऐकून घेतली. जुन्या गाण्यांवर माझाही जीव आहे, किंबहुना हे गृहस्थ ज्यांची नावे घेतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तबकड्या माझ्या कपाटात अद्याप आहेत आणि त्यांच्यावर धूळ बसू देण्याचे पाप माझ्या हातून घडलेले नाही. म्हणून या वादात मी नव्याचा वकील म्हणून उभा राहिलो तर प्रतिपक्षाने मला फॅशनचा दास ठरवून मोकळे होऊ नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो. माझी तक्रार निराळी आहे. हे लोक नव्या गाण्यांचा अपमान करतात तो करतातच. पण ज्या जुन्या गाण्यांचे पालकत्व त्यांनी आपण होऊन पत्करले आहे, त्यांचा त्याहून मोठा अपमान करतात, आणि तो भक्तीच्या नावाखाली करतात.

आता दाखल्याकडे वळू. मृत्यूच्या दाखल्यावर निदान तारीख तरी एकच असावी लागते. इथे तारखांचा बाजार भरलेला आहे. कोणी म्हणतो, 1970 मध्ये बीटल्स विखुरले तेव्हाच सगळे आटोपले; कोणी 1980 सांगतो, कारण त्या वर्षी सप्टेंबरात लेड झेपलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात जॉन लेननची हत्या झाली; कोणाचे रॉक 1991 मध्ये फ्रेडी मर्क्युरीबरोबर गेले, तर कोणाचे 1994 मध्ये कर्ट कोबेनबरोबर. या तारखांचा मेळ संगीताच्या इतिहासाशी बसत नाही, सांगणाऱ्याच्या जन्मतारखेशी मात्र बिनचूक बसतो. ज्याने त्याने आपल्या वयाच्या पंचविशीच्या आसपास रॉकला चितेवर ठेवलेले आहे! मनुष्याची नोकरी कायम झाली, घराचे हप्ते सुरू झाले, संध्याकाळी दार लावून गाणे ऐकण्याची सवड संपली, आणि त्याच सुमारास योगायोगाने एका जागतिक कलाप्रकाराचा प्राण गेला, यावर विश्वास ठेवण्याइतके भाबडे आपण का व्हावे? आणि हा दाखला काही पहिला नव्हे. 1958 मध्ये एल्विस प्रेस्ली सैन्यात भरती झाला, त्याच्या आधीच लिटल रिचर्ड धर्माकडे वळला होता, 1959 च्या फेब्रुवारीत बडी हॉली विमान कोसळून वारला, तेव्हाही रॉक संपल्याचे जाणत्यांनी सांगितले होते. आणि 1 जानेवारी 1962 या दिवशी लंडनमध्ये डेक्का कंपनीने चार तरुणांची चाचणी घेऊन त्यांना परत पाठविले. त्या चौघांचे पुढे काय झाले, हे आमच्या गृहस्थाला मुखोद्गत आहे. तरीही डेक्काच्या साहेबांची खुर्ची आपण बळकावून बसलो आहोत, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

रुचीच्या रखवालदारांचा हा वंश आपल्या परिचयाचा आहे. 1952 साली केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे कळकळीचे कैवारी होते, यात संशय नाही. पण त्यांच्या अमदानीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनच्या आश्रयाला गेले, आणि अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी सन्मानाने घरात घ्यावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा उथळ आणि बाजारी ठरविण्यात आले, त्यांनाच आज सुवर्णयुग म्हणून ओवाळले जाते. आमच्या गृहस्थाच्या तीर्थरूपांनी याच सुवर्णयुगाच्या अभिमानापायी चिरंजीवांच्या टेपरेकॉर्डरला ‘धांगडधिंगा’ म्हणून शिव्या घातल्या होत्या, आणि चिरंजीवांनी त्याबद्दल त्यांना मनोमन क्षमा केलेली नाही. आज मुलीच्या खोलीतून गिटारचा आवाज आला की तेच चिरंजीव तोच शब्द, त्याच पट्टीत उच्चारतात. वारसाहक्काने घर मिळते, जमीन मिळते. शिवीही मिळते असे दिसते.

‘त्या काळी सगळेच चांगले होते’ या विधानाची तर रुजवात घालणे अगदी सोपे आहे, कारण त्या काळची दप्तरे शाबूत आहेत. 1969 हे वर्ष या मंडळींच्या पंचांगातले महापर्व. वुडस्टॉकचा मेळा त्याच वर्षीचा आणि बीटल्सची ‘ॲबी रोड’ही त्याच वर्षीची. त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी कोण होते? डिलन नव्हे, बीटल्स नव्हेत, हेंड्रिक्सही नव्हे. तिथे ‘शुगर, शुगर’ नावाचे गोडगोड गाणे होते, आणि ते ज्या ‘आर्चीज’ नामक बँडच्या नावावर होते तो बँड व्यंगचित्रातला होता, म्हणजे अस्तित्वातच नव्हता. 1967 मध्ये बीटल्सची ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही जोडतबकडी ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडली, कारण पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून एंगलबर्ट हम्परडिंक यांचे ‘रिलीज मी’ बसले होते. (हे हम्परडिंक जन्माने मद्रासचे, तेवढ्यापुरता आपल्याला अभिमान बाळगायला हरकत नाही.) जुन्या काळचा गाळ लोक विसरले आणि निवडक तेवढे राहिले, आता त्या निवडलेल्या तांदळाच्या ताटाशेजारी यंदाचे न निवडलेले पोते ओतायचे आणि खडे मोजत बसायचे, याला तुलना म्हणतात काय?

यंत्राचा आक्षेप ऐकला की मला हसू आवरत नाही, कारण तो घेणाऱ्यांची सर्वांत लाडकी गाणी यंत्राच्या पोटीच जन्मलेली आहेत. वर ज्याचा उल्लेख आला त्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चेच उदाहरण घ्यावे. 1966 च्या अखेरीस लेननने त्याची दोन ध्वनिमुद्रणे पसंत केली, एक मवाळ, दुसरे वाद्यवृंदाचे, जड. दोन्हींचा स्वर वेगळा, गती वेगळी, आणि त्याला पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट हवा होता. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी एका फितीची गती वाढवून व दुसरीची कमी करून दोन्ही सांधल्या, आणि पहिल्या मिनिटाच्या सुमारास तो सांधा आजही लक्ष देणाऱ्याला सापडतो: तिथून लेननचा आवाज किंचित जाड, किंचित झोपाळू होतो, जणू गाणाऱ्याने मध्येच एक जिना उतरावा. आरंभीच्या त्या व्याकूळ बासऱ्या? त्या वेळी कोणी बासरी वाजवीतच नव्हते. मेलोट्रॉन नावाच्या पेटीत बासरीच्या सुरांच्या फिती आधीच भरलेल्या होत्या आणि पट्टी दाबली की त्या बोलत. गायकाला तेच पद पुन्हा गाण्याचा कंटाळा येतो म्हणून एकाच आवाजाचे दोन करण्याची युक्ती, हे गाणे मुद्रित झाले त्याच स्टुडिओतल्या केन टाउन्सेंड यांनी त्याच वर्षी काढली. बर्ड्‌सच्या 1965 च्या ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’वर तर त्या बँडमधल्या एकट्या रॉजर मॅग्विनची गिटार आहे, बाकीची वाद्ये भाडोत्री वादकांनी वाजविली. आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानोवर बोटे घोळविणारा फारोख बलसारा, जो पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला, त्याच्या 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला तो ऑपेराचा प्रचंड समुदाय म्हणजे मुख्यतः तीन माणसांचे गळे, एकावर एक रचून फीत झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा मुद्रित केलेले. हे सारे थोर आहे, आणि यंत्रामुळेच थोर आहे. मग आजच्या पोराने संगणकावर दोन आवाज सांधले तरच कलेचा खून कसा होतो? फीत कात्रीने कापली तर प्रतिभा आणि पडद्यावर कापली तर लबाडी, हा न्याय कोणत्या कायद्यातला आहे?

शब्दांच्या अर्थाविषयीचे प्रवचन मी सहसा शेवटपर्यंत ऐकून घेतो, कारण ते करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या जुन्या गाण्यांचे शब्द धडपणे ऐकलेले असतात. 1963 मध्ये किंग्जमेन या बँडने ‘लुई लुई’ हे एका खलाशाच्या विरहाचे साधेसुधे गाणे इतक्या अस्पष्ट उच्चारांनी गायिले की त्यात अश्लील काही असावे असा पालकांना संशय आला, प्रकरण अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेपर्यंत गेले, सरकारी अंमलदारांनी तबकडी निरनिराळ्या गतींनी फिरवून पाहिली, आणि कोणत्याही गतीला एक अक्षर कळत नाही, असा अहवाल देऊन फाइल बंद केली. तरीही ते गाणे रॉकच्या पायाचा दगड ठरले. लेननच्या जुन्या शाळेत मास्तर मुलांकडून बीटल्सच्या गाण्यांचे रसग्रहण करून घेतात असे कळल्यावर त्याने मुद्दाम, अर्थ काढणाऱ्यांची जिरावी म्हणून, ‘आय ॲम द वॉलरस’मध्ये असंबद्धतेचा कळस केला, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. अर्थ हवा असेल तर रॉककडे जायचेच कशाला, असे कोणी म्हटले तर ते मी समजू शकतो. पण जुन्या निरर्थकतेला गूढ म्हणायचे आणि नव्या अर्थाला आक्रोश, हे मला समजत नाही.

कारण नव्यात अर्थ आहे. ऐकणाऱ्याला घाम फोडील इतका आहे. बिग थीफ या अमेरिकन बँडने 2019 मध्ये ‘नॉट’ नावाचे गाणे प्रसिद्ध केले. आड्रियान लेंकर ही त्याची कवयित्री, गायिका आणि गिटारवादक. सहा मिनिटांच्या या गाण्याची रचना अशी की ओळीमागून ओळ नकारानेच उघडते: हे नाही, तेही नाही, आग नाही, भूक नाही, देह नाही, पण मग जे आहे ते काय, त्याचे नाव गाण्यात शेवटपर्यंत येत नाही. बृहदारण्यकातली ‘नेति नेति’ची वाट ज्यांनी लहानपणी कोणा शास्त्रीबुवांकडून ऐकली आहे त्यांना ही रीत परकी वाटू नये. लेंकरला ते उपनिषद ठाऊक आहे की नाही याची मला पर्वा नाही, आणि पश्चिमेच्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचे मूळ आपल्या पोथीत शोधण्याची हौसही मला नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, नकारांची ही उतरंड जसजशी चढत जाते तसतसा तिचा आवाज फाटत जातो, आणि एका क्षणी शब्दांनी हात टेकल्यावर ती गाणे सोडून देते व उरलेला भार गिटारवर टाकते. ती गिटार सफाईदार नाही. ती अडखळते, एकाच सुरावर हट्टाने आपटते, मध्येच करवतीसारखी खरखरते. टेक्ससमधल्या एका स्टुडिओत बँडने एकत्र बसून, फारशी डागडुजी न करता हे मुद्रण केले. ते ऐकताना खोलीतली हवासुद्धा हलल्याचा भास होतो. ‘माणसे वाद्ये वाजवीत’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे ऐकले आहे काय? नसेल, तर मेलेल्याच्या नाडीवर त्यांनी हात तरी केव्हा ठेवला होता?

नकलेच्या आरोपाकडे वळताना मात्र थोडे सावकाश जावे लागेल, कारण त्यात परंपरा म्हणजे काय याचेच अज्ञान दडलेले आहे. लेड झेपलिनच्या 1971 च्या संग्रहातले ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे माझ्या अत्यंत आवडत्या गाण्यांपैकी एक. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इंग्लिश वास्तूच्या दिवाणखान्याबाहेर, जिन्याच्या तळाशी बॉनमचे ड्रम मांडले, ध्वनिग्राहक वरच्या मजल्यावरून खाली सोडले, आणि त्या रिकाम्या उंचीतून असा काही नाद निघाला की धरणाची भिंत पुढच्या ठोक्याला फुटणार अशी धास्ती वाटावी. पण गाणे त्यांचे नव्हे. 1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला, आणि 1929 मध्ये कॅन्सस जो मकॉय व मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय दांपत्याने त्या पुरावर ही तबकडी काढली. झेपलिनने निदान इथे मेम्फिस मिनीचे नाव तरी घातले. सर्वत्र घातले नाही, आणि ‘होल लॉटा लव्ह’बद्दल ब्लूजकार विली डिक्सन यांनी 1985 मध्ये दावा लावल्यावर त्यांना तडजोड करावी लागली. पुढे 1986 मध्ये बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाने बॉनमचेच ते ठोके उचलून आपल्या गाण्याखाली घातले. एका पुराचे पाणी असे पिढ्यापिढ्यांतून वाहत आले. यातले अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे आमचा गृहस्थ आपल्या ज्या तराजूवर तोलतो तो त्याने एकदा लोकांपुढे ठेवावाच.

आणि हा ओघ नव्या पिढीत किती खोल जातो ते पाहायचे असेल तर पी. जे. हार्वे हिच्या ‘लेट इंग्लंड शेक’ या 2011 च्या संग्रहाकडे जावे. डॉर्सेटमधल्या समुद्राकाठच्या एका चर्चमध्ये मुद्रित झालेला हा संग्रह पहिल्या महायुद्धातल्या मृतांविषयी, गॅलिपोलीच्या टेकड्यांविषयी आहे. त्यात ‘द वर्ड्स दॅट मेकेथ मर्डर’ नावाचे गाणे आहे. ऑटोहार्पच्या तारा छेडलेल्या, चाल जवळजवळ नाचरी, आणि त्या नाचऱ्या चालीवर एक सैनिक आपण डोळ्यांनी पाहिलेली छिन्नविच्छिन्न शरीरे एकामागून एक सांगतो. मग अखेरीस एक ओळ येते आणि ती पुन्हा पुन्हा म्हटली जाते. ही ओळ हार्वेची नाही. ती 1958 मधल्या एडी कॉक्रनच्या ‘समरटाइम ब्लूज’ची आहे. मूळ गाण्यात एका पोराला उन्हाळ्यात काम करावे लागते, बाप मोटार देत नाही, लोकप्रतिनिधी म्हणतो तुला मत नाही म्हणून मदत करता येत नाही. तेव्हा वैतागलेला तो पोर आता संयुक्त राष्ट्रांकडेच दाद मागतो म्हणून ऐट आणतो. रॉकच्या बाल्यातला तो एक सुरेख विनोद. हार्वेने तो विनोद उचलून प्रेतांच्या खचाजवळ नेऊन ठेवला, ऐटीचा तेवढा प्रश्न करून. आणि ज्या ओळीवर आपण इतकी वर्षे हसत आलो ती आता तोंडात राखेसारखी लागते. जगातल्या कोणत्या कचेरीत या सैनिकाची फिर्याद दाखल करून घेतली जाणार आहे? मी ‘समरटाइम ब्लूज’ तारुण्यात किती वेळा ऐकले असेल याला गणती नाही, पण त्या थट्टेच्या तळाशी असलेली हतबलता मला दिसली ती हार्वेचे गाणे ऐकल्यानंतर. कॉक्रन 1960 मध्ये, एकविसाव्या वर्षी, इंग्लंडमध्येच मोटार अपघातात गेला. त्याला जुन्या तबकडीच्या काचपेटीत ठेवून फुले वाहणाऱ्यांनी त्याच्यासाठी काय केले, आणि या नव्या बाईने काय केले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ज्यांच्या नावाने हे दाखले वाटले जातात त्या दैवतांचे स्वतःचे वर्तन तर भक्तांची पुरती अडचण करणारे आहे. डिलनने 1965 मध्ये न्यूपोर्टला विजेची गिटार हाती घेतली तेव्हा लोकसंगीताच्या कैवाऱ्यांनी त्याची हुर्यो उडविली, पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या सभागृहात त्याला भरकार्यक्रमात ‘जूडास’ म्हणून हाक मारण्यात आली. ती हाक मारणारा आमच्या गृहस्थाचाच जातभाई होता. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, 2020 च्या मार्चमध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, याच डिलनने ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे जवळजवळ 17 मिनिटांचे, केनेडींच्या हत्येवरचे गाणे काढले आणि बिलबोर्डच्या एका यादीत स्वतःच्या नावावर पहिले स्थान आयुष्यात प्रथमच मिळविले. डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ 8 जानेवारी 2016 रोजी, त्याच्या 69 व्या वाढदिवशी, बाहेर पडला. दोन दिवसांनी तो वारला. देहात कर्करोग, समोर मृत्यू. पण या माणसाने त्या कामासाठी जुने सवंगडी जमविण्याऐवजी न्यूयॉर्कचे जॅझवादक बोलावले, आणि त्या दिवसांत तो केन्ड्रिक लमारचे रॅप आवर्जून ऐकत होता, असे त्याचा निर्माता टोनी व्हिस्कोंटी सांगतो. मरणाच्या दारातला बोवी नवे ऐकत होता आणि ठणठणीत प्रकृतीचा आमचा गृहस्थ म्हणतो की ऐकण्यासारखे काही उरलेच नाही! दोघांपैकी रॉक अधिक कोणाला कळत होते?

राहता राहिला काळजाला भिडण्याचा मुद्दा. हाच त्यांचा खरा मुद्दा आहे, बाकीचे सारे त्याला नेसविलेले वस्त्र. तो मी खोटा म्हणत नाही. त्याचे कारण ते सांगतात ते नव्हे, एवढेच म्हणतो. विद्यार्थिदशेत खाऊचे पैसे साठवून एक कॅसेट घेतली की महिनाभर दुसरी घेण्याची ऐपत नसे. त्यामुळे पहिल्या दिवशी न आवडलेले गाणेसुद्धा निमूटपणे पुन्हा ऐकावे लागे, आठव्या-दहाव्या खेपेला त्यातला एखादा वळसा कानात रुते, आणि महिनाअखेर ते गाणे आपले झालेले असे. दारिद्र्याने आपल्याला श्रवणाची शिस्त लावली. आज खिशातल्या यंत्रात जगातले सगळे संगीत आहे, आणि हे सद्गृहस्थ नव्या गाण्याला अर्धे मिनिट देतात, तेही रिक्षाची वाट पाहताना. मग ते भिडत नाही म्हणून निकाल देऊन मोकळे होतात. फाँटेन्स डी. सी. या डब्लिनच्या बँडचे 2024 मधले ‘स्टारबर्स्टर’ मला पहिल्यांदा असह्य वाटले होते. गायक ग्रिअन चॅटन शब्दांची सरबत्ती करतो आणि पालुपदाच्या जागी नुसता श्वास ओढतो, घुसमटलेला, घाबरा, ध्वनिग्राहकाच्या इतका जवळून की ऐकणाऱ्याची छाती आवळावी. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर त्याला भयाचा झटका आला, त्यातून ते गाणे निघाले. ते लावून धरले तेव्हा उमगले की तो श्वास तालात आहे. गुदमरण्यालाच त्याने लयीचे वाद्य केले आहे. लोकलच्या डब्यात सकाळी साडेआठला दाराशी चेंगरून उभे राहिलेल्या माणसाला हे गाणे परके वाटेल, असे मला वाटत नाही. काळजाचे दार बंद करून बाहेरच्याने दार वाजविले नाही अशी तक्रार करणे, हे मात्र मला शोभत नाही, आणि कोणालाच शोभत नाही.

या वृद्धांची एक वेळ कीव करता येईल. पण अलीकडे विशी-बाविशीची मुलेही छातीवर झेपलिनचे चित्र मिरवीत ‘आम्ही चुकीच्या काळात जन्माला आलो’ असे हुंदके देऊ लागली आहेत. अरे बाळांनो, 1971 मध्ये तुम्ही असता तर 1956 साठी रडला असता! जो आपल्या काळातले गाणे ऐकत नाही तो कोणत्याही काळात जन्मला तरी त्याच्या वाट्याला आधीच्याच काळाचे श्राद्ध येणार.

रॉक आज लोकप्रियतेच्या गादीवर नाही, हे मला मान्य आहे. ती गादी दुसऱ्यांनी घेतली, आणि खुशाल घ्यावी. गादी गेली म्हणून राजाचा जीव गेला असे समजण्याची चूक दरबारी मंडळी करतात, प्रजा करीत नाही. तेव्हा माझे म्हणणे पुन्हा एकदा, कोणतीही सवलत न देता, नोंदवितो. ‘रॉक मेले’ हे विधान संगीताविषयीचे नसून ते करणाऱ्याच्या कानांविषयीचे आहे. ज्याला हार्वे ऐकू येत नाही त्याला कॉक्रनही ऐकू येत नाही, त्याला फक्त स्वतःचे पंचविसावे वर्ष ऐकू येते. आणि जुन्या गाण्यांना नव्यांच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे करणारा माणूस त्या गाण्यांचा रसिक नसून त्यांच्यावर जप्ती आणणारा बेलीफ आहे.

ज्यांना हा फैसला अमान्य असेल त्यांना अपिलाचा मार्ग खुला आहे, अट एकच. ‘नॉट’ सहा मिनिटांचे आहे, ‘स्टारबर्स्टर’ त्याहून लहान, हार्वेचे गाणे तर चार मिनिटांच्या आतच संपते; ही तिन्ही एका संध्याकाळी, फोन बाजूला ठेवून, सलग आठवडाभर ऐकावीत, आणि मगच पुढच्या लग्नाच्या पंक्तीत माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसावे.